रकाना: इतर

शाळेचा काटा जुना. शून्यावर कधी थांबत नाही,
कुणीही चढायच्या आधीच
पाऊण किलो धरून बसलेला असतो.
मी ते वजा करते, मग लिहिते.

पाचवीची मुलं बूट काढून रांगेत.
तन्मेश कुंकळ्येकर मागच्यांना पुढे सोडत सोडत
शेवटचा उरतो.
बावन्न.
मी आकडा मोठ्यानं वाचत नाही,
तरी कुणीतरी वाचतंच.

फॉर्मवर लिहिलंय, कारण. पुढे तीन चौकोन:
आहार, आनुवंशिक, इतर.
पंधरा वर्षं मी पहिल्या चौकोनात खूण करत आले
आणि आयांना बोलावून सांगत आले, तळलेलं बंद करा.
तन्मेशची आई बांबोळीच्या इस्पितळात, बिलांच्या खिडकीवर.
ती ऐकून घेते. मग म्हणते,
टीचर, तुम्ही एकदा आमच्या घराकडून
शाळेपर्यंत चालून बघा.

गेले. रविवारी, साडेदहाच्या उन्हात.
त्यांच्या बाल्कनीतून शाळेची कौलं दिसतात.
घंटासुद्धा ऐकू येते, तन्मेश म्हणाला.
मधे शेत होतं ताळगावचं, शेतातून मेर होती,
त्याच मेरेवरून मी गेलेय शाळेत,
हातात चपला, पायाखाली कुर्ल्यांची बिळं.
आता मधे पत्रे ठोकलेत,
पत्र्यांवर चित्र: हिरवळीवर धावणारा मुलगा,
खाली, बुकिंग सुरू.

म्हणून रस्त्यानं निघाले.
फूटपाथ चाळीस पावलं चालतो
आणि ट्रान्सफॉर्मरपाशी बसकण मारतो.
पुढे गटारावरच्या लाद्या, त्यातली एक हलते,
तिच्यानंतर नाहीच.
भाड्याच्या स्कूटर अंगाला वारा लावून जातात.
ओलांडायला सिग्नल नाही.
दहा वर्षांच्या पोराला इथून एकटं सोडायला
मी तरी धजले नसते.
त्याला बस नेते. बस आधी दोनापावल्याची मुलं घेते,
मग करंझाळ्याची.
कौलं दिसणाऱ्या शाळेत तो पस्तीस मिनिटांनी पोचतो,
बसून.

वाटेत मी मोजत गेले. बेकरी, पॅटिस.
आमलेटचा गाडा, दिवसा झाकलेला.
चायनीज. पुन्हा चायनीज.
फळं? फळं पणजीच्या बाजारात.
खेळायचं मैदान होतं तिथं जाळी लावून टर्फ,
तासाला बाराशे.
कोपऱ्यावर बाटल्यांचा फ्रीज,
भर दुपारी देव्हाऱ्यासारखा उजळलेला.
मी पीटीची टीचर, घामानं निथळत,
फ्रीज उघडला आणि एक पिऊन टाकली.
मग आणखी एक.

सोमवारी तिसऱ्या चौकोनात खूण केली.
पुढे लिहायला बोटभर जागा.
लाद्या, पत्रे, मेर, सिग्नल
एवढंच मावलं, तेही समासात शिरून.
हेडमास्तर चष्मा वर करून म्हणाले,
टीचर, हा आरोग्याचा फॉर्म, पंचायतीचा नव्हे.
त्यांनी खाडाखोड न करता नवा फॉर्म दिला.
मी तेच पुन्हा लिहिलं, जरा बारीक अक्षरात.

पंचायतीला अर्जही दिला. पोच मिळाली.
ती कपाटात आहे.

जानेवारीत पुन्हा काटा.
या वेळी तन्मेश रांगेत मधेच कुठेतरी.
बूट काढले नव्हते.
तळव्यांना वाळलेला चिखल, काळपट,
रस्त्याचा नाही, शेताचा. मी ओळखते.
वर एक चिकटलेलं भाताचं पातं.

पत्रा कुठून उचकटलाय, मी विचारलं नाही.
टीचर म्हणून विचारायला हवं होतं.
तो म्हणाला, मेर अजून आहे. मधे थोडी खचलीय.
आणि कुर्ली चावते का हो, धरली तर?

तीनशे ग्रॅम जास्त भरला.
मी पाऊण किलो वजा केलं. चिखलाचं काय करायचं
ते फॉर्मवर कुठे लिहिलेलं नाही.
पुढचा, म्हटलं.